तेल गळतं आणि इंजिन तापतं: जुन्या ट्रकचं एकच दुखणं

जुना ट्रक जिथे उभा राहतो तिथे त्याच्या पोटाखाली एक पुठ्ठा अंथरलेला असतो. मालक सकाळी पुठ्ठा ओढून बाहेर काढतो, डाग न्याहाळतो आणि निकाल देऊन टाकतो: क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, मागचं तेल अडवणारं सील गेलं. मग गिअरबॉक्स उतरतो, क्लच बाहेर येतो, दोन दिवस जातात, नवं सील बसतं. तिसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर तोच डाग, त्याच जागी. हे माझ्याच हातून झालेलं आहे. तेल येत होतं टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून. इंजिनाच्या पाठीवरून ओघळत ते क्लचभोवतीच्या बेल हाउसिंगवर उतरायचं आणि तिथून ठिबकायचं. चार बोल्टांचं काम होतं, मी गाडीचं अर्धं पोट उघडून बसलो.

त्या ट्रकचा तापमानाचा काटाही चढावर नेहमी वर जायचा. ते दुखणं वेगळं, ते नंतर बघू, असं मी ठरवून टाकलं होतं. ते वेगळं नव्हतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

जुन्या इंजिनात गळती आणि तापणं एकमेकांना खतपाणी घालतात. तेल तापलं की पातळ होतं. एसएई ३० तेलाचा दाटपणा ४० अंश सेल्सिअसला सुमारे १०० सेंटिस्टोक (दाटपणाचं एकक) असतो, १०० अंशांना तो ११ च्या आसपास येतो आणि १२० ला ७ पर्यंत घसरतो. ज्या फटीतून दाट तेल सरकतही नव्हतं, त्याच फटीतून हे पातळ तेल सहज वाट काढतं. त्यात गॅस्केटचं, म्हणजे सांध्यात दाबून बसवलेल्या पातळ थराचं, कॉर्क उष्णतेने वाळून आक्रसतं आणि सीलचं साधं रबर भाजून कडक होतं. आता उलट्या बाजूने बघा. गळलेल्या तेलावर धूळ चिकटते. इंजिनाच्या अंगावर आणि रेडिएटरच्या पत्र्यांमध्ये त्याचा थर बसतो, हवा अडते, इंजिन आणखी तापतं. म्हणून फक्त सीलं बदलून गळती फार दिवस थांबत नाही, आणि फक्त मोठा रेडिएटर लावून आधीच भाजलेली गॅस्केटं जिवंत होत नाहीत.

आधी इंजिनाचा श्वास

पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट तपासायची, आणि नेमकी हीच सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेल्या वायूचा थोडा भाग त्यांच्या कडेने खाली, क्रँक जिथे फिरतो त्या पोकळीत उतरतोच. त्याला बाहेर पडायला वाट हवी. ती बुजली तर आत दाब साठतो आणि तो दाब तेलाला मिळेल त्या सांध्यातून बाहेर ढकलतो. एकाच वेळी तीन-चार ठिकाणांहून गळती सुरू झाली असेल तर सगळी गॅस्केटं एकाच मुहूर्तावर गेली असं समजू नका. ब्रिदर, म्हणजे वायूची ही वाट, बुजला आहे का, ते बघा.

१९६० च्या आधीच्या बहुतेक इंजिनांवर खाली उतरणारी एक साधी नळी असते, तिचं तोंड तिरकं कापलेलं. गाडी धावताना खालून जाणारी हवा या नळीतून वायू ओढून घेते. गाडी उभी असली की ओढ संपली. पुढे १९६० च्या दशकात पीसीव्ही व्हॉल्व्ह आला. तो हेच वायू इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, ओढीने परत इंजिनात जाळायला पाठवतो, त्यामुळे इंजिन आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीत मंद चालू, असतानाही पोकळी मोकळी राहते. जुन्या पेट्रोल इंजिनाला असा व्हॉल्व्ह बसवून घेणं हा माझ्या मते सर्वांत कमी कष्टात सर्वांत जास्त फळ देणारा बदल आहे. ब्रिदरच्या डबीतली तारेची जाळी मात्र रॉकेलमध्ये धुऊन घ्या. ती काळ्या चिखलाने गच्च भरलेली सापडते.

तपासणी सोपी आहे. गरम इंजिन आयडलवर ठेवून तेल भरायचं झाकण काढा आणि त्या तोंडावर कागद धरा. पीसीव्ही नीट चालत असेल तर कागद हलकेच आत ओढला जातो. कागद फडफडत वर उडत असेल आणि धूर येत असेल, तर आधी व्हॉल्व्ह आणि नळ्या साफ करा. तरीही तेच चाललं असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. रिंगा गेलेल्या इंजिनाला नवी सीलं बसवण्यात अर्थ नाही, ती त्या दाबापुढे टिकणार नाहीत.

तेल कुठून येतंय

तेल खाली येतं आणि गाडी धावताना पंख्याच्या वाऱ्याने मागेही जातं. त्यामुळे शोध घ्यायचा तो सर्वांत वरच्या आणि सर्वांत पुढच्या ओल्या जागेचा. मळलेल्या इंजिनावर ही जागा दिसणं अशक्य. आधी इंजिन डीग्रीझरने धुऊन, पुसून, कोरडंठाक करा. संशय असलेल्या सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरा, इंजिन पंधरा-वीस मिनिटं चालवा आणि टॉर्च घेऊन बसा. पांढऱ्या पावडरीवर ओलाव्याची रेघ स्पष्ट उमटते. गळती अगदी बारीक असेल तर तेलात मिसळायचा फ्लुरोसंट रंग मिळतो, अतिनील दिव्याखाली तो चमकतो.

मागच्या सीलवर आळ घेण्याआधी त्याच्या वरच्या सगळ्यांना एकदा चौकशीला उभं करा: टॅपेट कव्हरचे मागचे कोपरे, ऑइल प्रेशरचा स्विच, डिस्ट्रिब्युटर मागे असेल तर त्याच्या बुडाशी असलेली रिंग, कॅमशाफ्टच्या मागचा प्लग. व्ही आकाराच्या इंजिनात इनटेक मॅनिफोल्डच्या मागच्या टोकालाही बघा. तेल बोटावर घेऊन वासही घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो. तो आला तर गळती इंजिनाची नाहीच, गिअरबॉक्सची आहे.

आता दुरुस्ती. पत्र्याच्या टॅपेट कव्हरची गळती बहुतेकदा कोणीतरी बोल्ट जास्त आवळल्याने झालेली असते. बोल्टाच्या भोकाभोवतीचा पत्रा खाली दबतो, त्यामुळे दोन बोल्टांच्या मधला भाग वर उचलला जातो आणि तेल नेमकं तिथून येतं. मग मालक बोल्ट आणखी आवळतो. कव्हर काढून उलटं करा, कडा सपाट ठोकळ्यावर ठेवून भोकांभोवतीचा उंचवटा हलक्या हातोडीने बसवा आणि मगच नवं गॅस्केट लावा. कॉर्कऐवजी आत पोलादी पट्टी असलेलं रबरी गॅस्केट मिळालं तर तेच घ्या, ते चिरडत नाही. बोल्टाखाली लांबट, दाब पसरवणारे वॉशर टाका. तेलाच्या चेंबरच्या कडेलाही हाच न्याय.

सिलिकॉनबद्दल माझं मत जरा कडक आहे. ते उत्तम आहे, आणि त्यानेच सर्वांत जास्त इंजिनं बिघडताना पाहिली आहेत. जाड थर दिला की सांधा आवळताना अर्धं सिलिकॉन आतल्या बाजूला फुगून येतं, सुटतं आणि तेलपंपाच्या जाळीवर जाऊन बसतं. गळती थांबली आणि इंजिन तेलावाचून जाम झालं, अशी ती गंमत. पातळ रेघ पुरते. जागा ब्रेक क्लीनरने पुसून पूर्ण कोरडी हवी, आणि जोडल्यावर पूर्ण घट्ट व्हायला साधारण २४ तास द्यावे लागतात. व्ही-एट इंजिनाच्या मॅनिफोल्डखालच्या पुढच्या-मागच्या भिंतींवर मात्र कॉर्कच्या पट्ट्या फेकून देऊन सिलिकॉनचीच रेघ द्यावी. त्या पट्ट्या आवळताना घरंगळून बाहेर येतात.

पुढच्या टायमिंग कव्हरचं सील बदलूनही गळत असेल तर पुलीच्या हबवरून नख फिरवा. वर्षानुवर्षं सील एकाच जागी घासून तिथे खाच पडते आणि नवं सीलही त्याच खाचेत जाऊन बसतं. त्यावर स्टेनलेस पोलादाची पातळ बाही चढवता येते. तिची जाडी जेमतेम पाव मिलिमीटर, त्यामुळे सील तेच चालतं आणि हब बदलावा लागत नाही.

मागचं सील, खरोखर गेलं असेल तर

फार जुन्या इंजिनांत इथे रबर नसतंच. ग्रॅफाइट लावलेल्या ॲस्बेस्टॉसचा पीळ, म्हणजे सरळ एक दोरी, अर्धी ब्लॉकच्या खाचेत आणि अर्धी क्रँकला खालून धरणाऱ्या बेअरिंगच्या कॅपमध्ये ठासलेली असते. जुनी दोरी काढताना हवेचा फवारा मारू नका. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात जाणं वाईट, म्हणून ती तेलाने ओली करून काढा. नवी दोरी तेलात भिजवून, गोल दांड्याने खाचेत दाबून बसवायची आणि टोकं धारदार ब्लेडने कॅपच्या पातळीला कापायची. टोकाचे धागे सांध्यात अडकले तर कॅप नीट बसत नाही. दोरी थोडी पाझरते, तिचा स्वभावच तो.

पुढे दोन तुकड्यांचं रबरी ओठाचं सील आलं, आणि मग एकसंध. शेव्हरोलेचं १९५५ साली आलेलं लहान व्ही-एट घ्या. त्यात एकसंध सील यायला १९८६ उजाडलं. दोन तुकड्यांचं सील बसवताना ओठ इंजिनाच्या आतल्या बाजूला, म्हणजे तेलाकडे हवा. ओठावर तेल लावा. तुकड्यांची टोकं कॅपच्या सांध्याशी जुळवू नका, आठ-दहा मिलिमीटर सरकवून बसवा, म्हणजे दोन सांधे एका रेषेत येत नाहीत. वरचा तुकडा सरकवताना ब्लॉकची तीक्ष्ण कड सीलची पाठ तासते. मध्ये पातळ प्लॅस्टिकची पट्टी धरली की काम निभावतं. आणखी एक बारकावा: दोरीच्या सीलसाठी बनवलेल्या काही क्रँकवर बारीक तिरप्या रेघा कोरलेल्या असतात, तेल परत आत ढकलण्यासाठी. त्यावर रबरी सील चढवलं की त्या रेघा ओठ कुरतडतात. क्रँकचा तो भाग बोटाने चाचपल्याशिवाय सील निवडू नका.

बाटलीतली गळती-बंद औषधं कडक झालेलं रबर जरासं फुगवतात, त्यामुळे रबरी सीलवर थोडे दिवस फरक दिसतो. कॉर्कवर आणि दोरीवर त्यांचा काही उपयोग नाही.

आता पाणी

इंजिनात जळणाऱ्या इंधनाचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला तिसरा हिस्सा पाण्याने उचलून रेडिएटरमधून हवेत सोडायचा असतो. हा हिस्सा कुठे अडतो ते शोधायला एकच प्रश्न पुरतो: इंजिन कधी तापतं? उभ्या गाडीत, गर्दीत तापत असेल आणि वेग घेतला की उतरत असेल, तर हवा कमी पडते आहे. पंखा आणि त्याभोवतीचं कडं बघा. हळू चालताना ठीक आणि वेगात किंवा चढावर तापत असेल, तर पाणी कमी पडतंय: रेडिएटर बुजला, पंप झिजला किंवा खालचा होज पाइप पंपाच्या ओढीने चपटा होतोय. त्या पाइपात तारेची स्प्रिंग असते, ती गंजून नाहीशी झालेली असू शकते.

काटा खरं बोलतोय का, हेही बघायला हवं. सेन्सरच्या आट्यांवर जास्त टेप गुंडाळली तर त्याचं अर्थिंग कच्चं होतं आणि काटा चुकीचा दाखवतो. इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या (पाणी तापलं की वाट उघडणाऱ्या झडपेच्या) घरावर मोजा, पण चकचकीत धातूवर तो फसतो, म्हणून काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा. तोच थर्मामीटर रेडिएटरवर फिरवला तर बुजलेल्या नळ्या थंड पट्ट्यांसारख्या सापडतात.

नवा रेडिएटर घेण्याआधी ब्लॉक धुवा. ओतीव ब्लॉकच्या पाण्याच्या वाटांमध्ये, विशेषतः मागच्या सिलिंडरांच्या तळाशी, गंज आणि ओतकामाच्या वेळची वाळूसुद्धा साचलेली असते. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचे निचऱ्याचे प्लग काढा. काढल्यावर काहीच आलं नाही, तर ती आनंदाची बातमी नाही. तार घालून भोक उकरा. कोअर प्लग काढता आले तर धुणं अधिक चांगलं होतं. पाणी गोठून ब्लॉक फुटू नये म्हणून ते असतात, असा समज आहे. खरं तर ओतकामानंतर आतली वाळू बाहेर काढायची ती भोकं, नंतर चकतीने बंद केलेली. या चकत्या आतून गंजत येतात, त्यामुळे बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या चकतीवरही विश्वास नको.

थर्मोस्टॅट काढून टाकला की इंजिन थंड राहतं, हा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट ८२ ला उघडायला लागतो आणि ९२ च्या आसपास पूर्ण उघडतो. त्यानंतर तो वाटेत नसल्यासारखाच. तो किमान तापमान ठरवतो, कमाल नाही. पूर्ण उघडूनही इंजिन तापत असेल तर दोष त्याचा नाही. तो काढला की काही इंजिनं उलट जास्त तापतात. "पाणी फार वेगाने जातं, त्याला उष्णता घ्यायला वेळ मिळत नाही" हे त्याचं लोकप्रिय कारण चुकीचं आहे. वेगाने फिरणारं पाणी जास्तच उष्णता नेतं. खरी कारणं दोन. एक, त्याचा अडथळा गेला की ब्लॉकमधला पाण्याचा दाब उतरतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळच्या तप्त जागी वाफेचे बुडबुडे धरतात. दोन, बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसला की ती कायम उघडी, आणि पाण्याचा एक भाग रेडिएटरला न जाता गोल-गोल फिरत राहतो. शिवाय थंड चालणाऱ्या इंजिनात तेलातला ओलावा उडत नाही, त्याचा चिखल होतो, आणि तो चिखल पुन्हा ब्रिदर बुजवतो.

काय बदलावं

पंख्याभोवती कडं नसेल तर आधी ते. कड्याशिवाय पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी इंजिनाजवळचीच गरम हवा घुसळत बसतो. पाती साधारण निम्मी कड्याच्या आत आणि निम्मी बाहेर असावीत. कायम जोडलेल्या पंख्याच्या जागी सिलिकॉन द्रवाचा व्हिस्कस क्लच हा शहाणा पर्याय आहे. रेडिएटरमधून आलेली हवा गरम झाली की तो पंख्याला घट्ट धरतो, एरवी सैल सोडतो. पंख्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट तर ताकद आठपट. इलेक्ट्रिक पंखा मोहात पाडतो, पण मोठा पंखा २० ते ३० अँपिअर खातो. जुना डायनामो पूर्ण वेगात जेमतेम तेवढं देतो आणि आयडलवर जवळपास काहीच नाही, म्हणजे पंखा जेव्हा सर्वांत जास्त लागतो नेमका तेव्हा. आधी अल्टरनेटर, जाड वायर, रिले आणि फ्यूज, मग पंखा.

रेडिएटरचा वाद जुना आहे. तांबं ॲल्युमिनियमपेक्षा उष्णता जास्त वाहतं: सुमारे ४०० विरुद्ध २३५ वॅट प्रति मीटर-केल्विन. तरी ॲल्युमिनियमचा रेडिएटर बाजी मारू शकतो. तांब्या-पितळेच्या रेडिएटरमध्ये नळी आणि पत्रा यांच्यामध्ये डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, असतो, आणि हा डाग उष्णता कमी वाहतो. नळ्याही साधारण अर्धा इंच रुंद. ॲल्युमिनियमच्या एक इंची नळ्यांच्या दोन रांगा, अर्ध्या इंची चार रांगांच्या तोडीचं किंवा त्याहून सरस काम करतात, कारण हवेला लागणारा पृष्ठभाग तेवढाच राहतो आणि मधल्या फटी वाचतात. रांगांची संख्या मोजून रेडिएटर निवडू नका. तो रबरी बुशांवर बसवा आणि त्यातून अर्थिंग जाऊ देऊ नका, नाहीतर तो आतून झिजतो. जुना पितळी रेडिएटर शाबूत असेल तर कारागिराकडून त्यात नवा कोअर, म्हणजे नळ्या-पत्र्यांचा गाभा, बसवून घेणं मला जास्त आवडतं. तो पुन्हा डागता येतो.

झाकण किरकोळ वाटतं, पण दर एक पीएसआय (दाबाचं एकक) दाबाला पाण्याचा उकळबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो. ७ पीएसआयच्या झाकणाखाली साधं पाणी १११ अंशांच्या पुढे उकळतं, १५ च्या झाकणाखाली १२१ ला. तरी १५ चं झाकण जुन्या रेडिएटरवर दाबून बसवू नका, त्या दाबाने डाग उसवेल. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. हे मिश्रण वजनाला वजन साध्या पाण्यापेक्षा सुमारे १५ टक्के कमी उष्णता धरतं, पण गंज थांबवतं. डागाच्या पितळी रेडिएटरमध्ये जुन्या पद्धतीचं हिरवं कूलंट वापरा, नव्या सेंद्रिय आम्लांच्या कूलंटमधली काही रसायनं डाग खातात. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्र्या-मांजरांना चाटता येईल असं सांडून ठेवू नका.

एवढं करूनही तापत असेल तर टायमिंग तपासा. ठिणगी उशिरा पडली तर जळण एक्झॉस्टच्या वाटेपर्यंत चालू राहतं आणि ती उष्णता हेडमध्ये उतरते. आणि रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे दिसत असतील तर हेड गॅस्केट. त्यासाठी निळ्या द्रवाची तपासणी असते: जळलेला वायू मिळाला की द्रव पिवळा होतो.

पहिल्यांदा सुरू करताना हीटर उघडा ठेवा, झाकण न लावता थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा आणि हवा निघेल तसं पाणी भरत राहा. गरम झाल्यावर झाकणाला हात लावायचा नाही. इंजिन पूर्ण थंड झालं की कॉर्कच्या गॅस्केटचे बोल्ट एकदा हलक्या हाताने तपासा, कॉर्क पहिल्या तापण्यात बसतं. मग नवा पुठ्ठा अंथरा, त्यावर पुढची बाजू आणि तारीख लिहा, आणि प्रत्येक डागाभोवती पेनाने गोल काढून ठेवा. आठवड्याभरात गोल वाढला की नाही ते बघायचं. दोरीचं सील असेल तर दोन-चार थेंब दिसतीलच, तेवढ्यावरून पुन्हा गिअरबॉक्स उतरवू नका.